सिस्टरची टाळी

बाटल्यांच्या कारखान्यात प्रथमोपचार शिकवायला येणाऱ्या बाईला सगळे सिस्टर म्हणत. बावीस वर्षं इस्पितळात घालवलेली ही बाई इतकी कडक, की तिच्या वर्गात शिंकायचीही चोरी. शिकणारे बारा आणि छाती दाबायला रबरी बाहुला एकच. म्हणून तिनं नियमच केला होता: दोन मिनिटं दाबायचं, टाळी वाजली की हात वर, आणि ती "पुढचा!" म्हणाली की पुढच्यानं बसायचं.

सगळ्यांच्या हे अंगवळणी पडलं. राहिले एकटे भट्टीकाका. तीस वर्षं काचेच्या भट्टीवर काढलेला माणूस. टाळी वाजली तरी यांचं आपलं चालूच.

"काका, कानात बोळे घातलेत का?"

"ऐकू येतंय की. पण बदली माणसाचा हात दांड्यावर पडल्याशिवाय आम्ही भट्टी सोडत नाही, सिस्टर."

"ही भट्टी नाही, बाहुला आहे!"

दोनदा तिनं त्यांना नापास केलं होतं. आज तिसऱ्या परीक्षेतही पालथ्या घड्यावर पाणी. तिनं चिडून लाल शाईनं शेरा मारला: 'टाळीला थांबत नाहीत.' दारात उभा असलेला पॅकिंगचा मुकादम खो खो हसला. "सिस्टर, हा बाहुला बरा. पगार नाही, तरी रोज मार खातो!"

हसता हसताच त्यानं चौकट धरली, आणि धाडकन खाली आला.

सगळ्यांना वाटलं, नक्कल करतोय. सिस्टरला तसं वाटलं नाही. तिनं त्याला हलवलं, हाक मारली, छातीकडे पाहिलं. छाती हलत नव्हती.

"तू, अॅम्ब्युलन्सला फोन कर. तू गेटवरून शॉकची पेटी आण, पळ!" आणि वर्गात पहिला आलेल्या कारकुनाला म्हणाली, "तू बस. दाब!"

कारकून बसला. हात सरळ, मोजणी चोख. पेटी आली. सिस्टर मुकादमाचा सदरा कापू लागली, तोवर दारात निम्मा कारखाना जमला होता. उजेड अडला, हवा कोंडली. "मागे व्हा, मागे!" कोणी हलेना. तेव्हा त्यांना हुसकायला तिनं जोरात टाळी वाजवली.

कारकुनानं हात वर केले.

शहाण्या विद्यार्थ्यासारखा तो उठून बाजूला झाला. पुढचा गुडघ्यावर येऊन बसला आणि सिस्टरच्या तोंडाकडे पाहत राहिला. मुकादमाच्या छातीवर कोणाचाही हात नव्हता. सिस्टरला सगळं दिसत होतं, पण तो ज्याची वाट पाहत होता तो "पुढचा!" तिच्या तोंडून निघेना. एक, दोन, तीन, चार सेकंद गेले. हे आपणच शिकवलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

"अरे, भट्टी उघडी टाकलीत?" भट्टीकाका ओरडले. बसलेल्याला बाजूला सारून त्यांनी आपले जाड, डागाळलेले हात मुकादमाच्या छातीवर टेकवले आणि दाबायला लागले.

सिस्टरनं पट्ट्या चिकटवल्या. पेटीतल्या आवाजानं दूर व्हायला सांगितलं. काका सोडेनात.

"काका, आता पेटीनं धरलंय त्याला. सोडा!"

त्यांनी हात काढले. झटका बसला. पुढच्याच क्षणी हात पुन्हा छातीवर. घाम त्यांच्या नाकावरून मुकादमाच्या गळ्यावर ठिबकत होता. किती वेळ गेला कोण जाणे, मुकादम कण्हला. त्यानं काकांचा हात ढकलला. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला उचललं तेव्हा तो आपला आपण श्वास घेत होता.

दुपारी इस्पितळातून फोन आला. मुकादम शुद्धीवर होता आणि बरगड्या कोणी मोडल्या म्हणून विचारत होता. सगळा वर्ग हसला. सिस्टर हसली नाही.

"सिस्टर," काका चाचरत म्हणाले, "माझ्या परीक्षेचं काय?"

सिस्टर म्हणाली, "तुम्हाला नापास करणारी मी कोण, काका? आज माझ्या टाळीनं माणूस जात होता. आता माझी परीक्षा घ्या."

ती बाहुल्यासमोर गुडघ्यांवर बसली. दाबू लागली. दोन मिनिटं झाली. खांदे भरून आले, श्वास लागला. टाळी कोणी वाजवली नाही. काकांचे खरखरीत हात तिच्या हातांवर येऊन पडले, तेव्हाच तिनं आपले हात काढले.