काकींचा शाकाहारी मासा

नंदुरबारला समुद्र नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी माझ्याकडे समुद्री माशाचे किस्से साठत चाललेत. एक सांगायला बसलो की मागून दुसरा डोकं काढतो.

माझ्या मेडिकलशेजारी नितेशचं कापडाचं दुकान, वर घर. घराच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आणि तीत सुरतहून आणलेला ट्रिगरफिश. तळहाताएवढा, पण दात बघितले तर घाबरायला होतं. एकटाच ठेवलाय, कारण तो सोबत्यालाच खातो.

*

नितेशची आई, म्हणजे आमच्या काकी, कट्टर जैन. घरात लसूण येत नाही. मासा बघताच त्यांनी विचारलं, हा खातो काय? खरं सांगितलं असतं तर मासा त्याच संध्याकाळी सुरतेला परत गेला असता. नितेश शांतपणे म्हणाला, "पालक." मी हबकलोच!

तेव्हापासून काकी रोज स्वतः निवडून पालक टाकतात. मासा पानं फाडतो आणि थुंकतो. त्याची खरी कोळंबी असते माझ्या घरच्या फ्रिजमध्ये. दुपारी काकी आडव्या झाल्या की नितेश ती गुपचूप नेतो. आणि काकी मंदिरात सांगतात, आमच्याकडे मासासुद्धा जैन आहे.

*

तापीकाठचे एक केळीवाले पाटील नितेशचं जुनं गिऱ्हाईक. पाणी खरंच समुद्रासारखं खारट आहे का, हे चाखायला त्यांनी टाकीत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते रक्ताळलेलं! मीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं? मासा. कोणत्या नदीवर?

"नदीवर नही," पाटील म्हणाले, "कापडना दुकानवर."



*

मे महिन्यात नितेशचे मेहुणे भिलवाड्याहून आले. मारवाडी घरात जावई म्हणजे राजा. जेवण वाढलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण तो माशाच्या पंपाला आणि पाणी गार करायच्या मशीनला जोडलेला. जावयांनी घाम पुसत नितेशकडे पाहिलं. नितेश म्हणाला, "तुम्ही सहन कराल, तो मरेल." थोड्या वेळाने मी वर गेलो तर जावई ताट घेऊन टाकीच्या गार काचेला पाठ लावून जेवत होते.

*

एकदा संध्याकाळी टाकीचा दिवा बंद होता आणि मासा दगडांच्या फटीत आडवा पडलेला. ही त्याची झोपायची रीत, पण काकींना कुठे माहीत! मासा गेला समजून त्यांनी डोळे मिटून नवकार मंत्र सुरू केला. नितेशने दिवा लावला, तसा मासा उसळला आणि काकींच्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारली. काकी भिजल्या तोंडाने म्हणाल्या, नवकाराचा गुण आला.

*

मग पर्युषण, जैनांचं उपवासांचं पर्व, आलं. त्या दिवसांत या घरात हिरवी भाजी येत नाही, म्हणून काकींनी पालक बंद केली. नितेशलाही पापाची भीती वाटली, त्याने गुपचूप कोळंबी बंद केली. मासा उपाशी.

जीवदया म्हणून काकींनी बाजारात खांडबाऱ्याकडच्या एका बाईकडून जिवंत खेकडे पैसे देऊन सोडवले. नदीत सोडले तर पुन्हा कुणीतरी धरणार. घरी शाकाहारी मासा असताना नदी कशाला? मंदिरातल्या महिला मंडळाच्या बायकांना बोलावून, हात जोडून, त्यांनी खेकडे टाकीत सोडले. नितेशच्या हाकेने मी धावत वर गेलो, पण उशीर झाला होता. कवच फुटल्याचा आवाज काचेबाहेर ऐकू येत होता. बायका भिंतीला चिकटल्या होत्या. एकीला तर रडू आलं.

नितेश पांढरा पडला. "मम्मी, ऐक ना," तो खरं सांगायला लागला.

काकींनी त्याला हातानेच थांबवलं. डोळे भरले होते, पण रागाने नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्याले काई बोलू नका, भाऊ. भूक लागनी व्हती त्याले. पाप मन्हं शे, मीच त्यानी भाजी बंद करी टाकी."

आणि त्या संध्याकाळपासून काकींनी प्रायश्चित्त म्हणून उपवासात पाणी पिणंसुद्धा सोडलं.