नळ आला त्या दुपारी

पाणी येण्याआधी नळाच्या तोटीतून हवा फुसफुसते. तो आवाज ऐकला की लातूरच्या आमच्या गल्लीतली एक दुपार आठवते. मुलीच्या अकरावीसाठी मुखेडहून एक कुटुंब शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आलं होतं. टेम्पोतून गाद्या उतरत होत्या आणि तेवढ्यात नळ आला. "येऊ द्या, उद्या भरू," मुलीची आई म्हणाली. गावी तिच्या दारातच बोअर होता. समोरच्या मावशी पदर खोचून आल्या. "उद्या कुठला, बाई? आता आठ दिवसानं येतंय. तवर काय गाद्या पिताव का?" पाण्याची टाकी सामानाच्या दुसऱ्या फेरीत यायची होती. मग गाद्या तशाच ठेवून भांड्यांची पोती सोडली. पातेली, डबे, कुकर, परात असं सगळं भरलं. शेवटी ज्वारीची कोठी चादरीवर रिकामी करून तीही भरली. मी आमच्या नळाची नळी भिंतीवरून दिली. तासाभराने नळ गेला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलीची आई मधोमध उभी राहून म्हणाली, "मावशी, आता भात कशात लावू?" "कशातच न्हाई. आमच्यात जेवा," मावशी म्हणाल्या. पहिल्याच दिवशी परक्याच्या घरी जेवायला तिला अवघड वाटत होतं. पण रिकामं पातेलं एकही नव्हतं. संध्याकाळी सगळे मावशींकडे पिठलं-भाकरी जेवले, दुसऱ्या दिवशी आमच्याकडे. ते कुटुंब मुखेडला परतून बरीच वर्षं झाली. परवा त्याच खोल्यांसमोर नवा टेम्पो थांबला, तेव्हा मी नळाचा वार सांगितला आणि रात्री जेवायला बोलावलं.