पडद्यावर पाच, टाकीत साडेचार: नेवासा फाट्याची एक खेप

ट्रकमध्ये बसून नेवासा फाट्याला जाणार म्हटल्यावर नात म्हणाली, "आजी, लोक फिरायला काश्मीरला जातात." म्हटलं, काश्मिरात माझ्या पोराला कुणी चोर म्हणत नाय, तिथं जाऊन मी काय करू?

पोरगा म्हणजे भानुदास, या नातीचा बाप. मेंढरांमागं चालणाऱ्या घरात जन्मला आणि सहा चाकांमागं लागला. तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, राहतो मिटमिट्याला. मी खुलताबादच्या डोंगराखाली वाडीत, माझ्या मेंढ्यांबरोबर, तेव्हा वीस होत्या. मला अक्षर येत नाय. आकडे तेवढे नोटांवरून ओळखते. म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. तिला शुद्ध लिहायची खोड आहे, तिथं माझा इलाज नाय.

दुसऱ्या वर्षी पण पाऊस रुसला, आणि संभाजीनगरच्या कडेच्या गोठ्यांना चारा मिळेना. भानुदासचा मालक एक दिवसाआड नेवाशाकडून चाऱ्याचा ऊस आणवायचा. येऊन-जाऊन दीडशे किलोमीटर. ट्रक नवा. स्टेअरिंगच्या मागं पडदा, आणि लिटरमागं गाडी किती चालली ते पडदा सांगतो. पडदा म्हणायचा पाच. म्हणजे एका खेपेला तीस लिटर डिझेल. पंपावर मात्र दर खेपेला पस्तीस लागायचं. मालकानं विचारलं, "वरचं पाच लिटर कुठं जातं?" आणि रविवारपर्यंत मुदत दिली. उत्तर नसेल तर चावी टेबलावर.

भानुदास गप्प राहिला. तो लहानपणापासून असाच, मारलं तरी बोलायचा नाय. मग मी ठरवलं, आपणच बसू.

ज्यांना ही सहल करायची त्यांनी पहाटे साडेपाचला निघावं. सातनंतर वाळूजला कंपन्यांच्या बसगाड्या लागतात आणि मग ट्रकपेक्षा मेंढरू बरं चालतं. आम्ही आधी पडेगावच्या पंपावर गेलो. मी सांगितलं, टाकी गळ्यापर्यंत भर. पंपावरच्या माणसानं नळी टाकली, नळी टक् करून थांबली, तो म्हणाला, "झाली फुल."

"झाली नाय," मी म्हटलं. "फेस आलाय. दूध उतू गेलं म्हणजे भांडं भरलं व्हय?"

त्यानं भानुदासकडं पाहिलं. भानुदास म्हणाला, "ती म्हणते तसं कर. मी चाळीस वर्षं करतोय."

फेस बसला, अजून थोडं मावलं. मग परत फेस, परत थोडं. डिझेल गळ्याशी येऊन टिकलं तेव्हा मी टाकीचं झाकण लावून घेतलं आणि कनवटीची काळ्या लोकरीची दोरी काढून झाकणावर गाठ मारली. ही गाठ माझ्या सासूची. रानात मेंढरांचा तळ पडला की दुधाच्या लोटक्याच्या तोंडाला फडकं बांधून बाया ही गाठ मारायच्या. प्रत्येक घरचं वळण वेगळं. सोडता कुणालाही येते, पण परत तशीच मारता येत नाय. कुणी दूध चोरलं की सकाळी गाठ सांगायची. मालकाला हे भानुदासनं फोनवर सांगितलं. मालक हसला म्हणे, पण नाय म्हणाला नाय.

नगर नाका सोडला की वाळूज. मी सून म्हणून आले तेव्हा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरायचो, एक रात्र या माळावर मुक्काम असायचा. आता पत्र्याची छपरं, त्यामागं दहा-दहा मजल्यांच्या इमारती. एका फलकावर नळ काढला होता. भानुदासनं वाचून दाखवलं, "चोवीस तास पाणी." त्याच फलकाखाली टँकर उभा होता आणि बाया घागरी घेऊन भांडत होत्या.

ट्रक रिकामा होता. पडदा आठ म्हणाला. थोडा उतार आला तर एकोणीस.

"एकोणीस?" मी म्हटलं. "मग डिझेल कशाला घालतो, चहावर चालव."

"माय, ते त्या घडीचं दाखवतं. खरं बघायचं ते खालचं, सगळ्या रस्त्याचं मिळून."

"आणि ते खालचं खरं असतं?"

त्यानं आरशात बघितलं आणि गिअर बदलला.

लिंबेजळगावच्या टोलनाक्यापुढं रस्ता चांगला आहे, पण उन्हाला आडोसा नाय. कायगावच्या पुलाशी चहा प्यालो, दहा रुपयांना एवढासा. खाली गोदावरी. एरवी इथं जायकवाडीचं पाणी मागं चढून समुद्रासारखं दिसतं. या खेपेला भेगाळलेला गाळ, मधून पाण्याचा पट्टा, आणि एरवी बुडालेल्या दगडी पायऱ्या वर आलेल्या. बघायला लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. नदी उघडी पडली की माणसाला ती देखणी वाटते, हे मला काय पटत नाय. पण पायऱ्या खरंच देखण्या होत्या.

नेवासा फाट्याला नऊ वाजता पोचलो. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, ऐंशी रुपये ताट. पिठल्यात पाणी जास्त होतं. दुष्काळात पाणी सापडलं ते तिथंच. पुढं शेतात जाऊन ऊस भरला आणि वजन करायला फाट्यावरच्या काट्यावर आलो. काट्याच्या खिडकीत बसलेला माणूस मला बघून बाहेर आला. हा निसार. भानुदासच्या आधी याच मालकाचा हाच ट्रक चालवायचा, गुलमंडीजवळचा राहणारा. आमच्या वाडीत एकदा चारा टाकायला आला होता तेव्हा माझ्या हातचं ताक पिऊन गेला होता.

"बैठो मौसी, धूप लई है." त्यानं स्टूल दिलं. "तुम्ही कुठं या गाडीत?"

"पोराची चौकीदारी करते. तू इथं कसा?"

"काढलं ना मालकानं. डिझेल विकतो म्हणून." तो सहज बोलला, पण हातातली पावती त्यानं चारदा दुमडली. "मौसी, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, थेंब नाही घेतला. तो पडदा टाकीत वाकून बघत नाही. इंजिनात किती फवारा गेला त्याचा अंदाज बांधतो, आणि अंदाज नेहमी गोड बांधतो. तो म्हणायचा तीस. मला लागायचं तेहतीस. दर खेपेला तीन. मालक म्हणाला मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

"तेहतीस?" मी म्हटलं. "पस्तीस नाय?"

"तेहतीस. गाडी भरून येताना, हाच रस्ता. पूछो भानुदास को."

भानुदास ट्रकच्या मागं दोर आवळत होता. दोर आधीच आवळलेला होता.

परतीला उसाचं ओझं. चढ आला की पडदा दोन म्हणायचा, सपाटीला चार. मी पडद्याकडं बघायचं सोडलं. मेंढी मोजणाऱ्या माणसाला एवढं कळतं, की निसारचे तीन आणि माझ्या पोराचे पाच यात दोन उरतात. निसार पण चोर असेल, असं धरून बघितलं. तरी त्याच गाडीला, त्याच रस्त्याला माझ्या पोराचे दोन जास्तच राहिले.

पूल ओलांडल्यावर मी विचारलं, "दोन लिटर कुठं जातं भानुदास?"

तो गाडी चालवत राहिला. लिंबेजळगाव गेलं.

"माय, वाडीच्या विहिरीवरचं इंजिन कशावर चालतं?"

नात लिहायची थांबली. म्हटलं, लिही. तुझा बाप आहे तसा माझा पोरगा पण आहे.

वाडीच्या विहिरीला तळाशीच पाणी राहिलं होतं. डिझेलचं इंजिन लावून ते वर हाळात काढायचो आणि मेंढ्या तिथं प्यायच्या. दर रविवारी भानुदास कॅन घेऊन यायचा, पाच-सहा लिटरचा. आठवड्याला तीन खेपा, खेपेला दोन लिटर. मी म्हणायची, माझा पोरगा शहरात राहून जनावरं विसरला नाय. शेजारणीला ऐकवायची. ते तेल कुठून येतं, एकदा पण विचारलं नाय. विचारलं नाय कारण उत्तर नको होतं, हे आता कळतं.

"पगारातून घेतलं असतं की," मी म्हटलं.

"पगारात मिटमिट्याचं भाडं जातं, पोरीचं कॉलेज जातं. तू मेंढ्या विकत नाय. मी काय करू?"

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू पाणी बंद केलं असतं."

खरं होतं. म्हणून मी पण गप्प झाले. आमच्या घरात गप्प बसायचं वळण आहे, ते मी दिलेलं आहे.

ऊस गोठ्यावर उतरवला आणि पडेगावच्या पंपावर आलो. तोच पंप, तीच नळी, ट्रक सकाळच्याच जागी उभा केला. जागा बदलली तर टाकी तिरकी होते आणि लिटर-अर्धा लिटर इकडं तिकडं होतं, हे मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. गाठ तशीच होती. मी सोडली. फेस बसवत बसवत गळ्यापर्यंत भरलं. पडदा म्हणाला पाच, म्हणजे तीस लिटर. पंपाच्या काचेवर आकडा थांबला तेहतीसवर. लिटरला साडेचार, पाच नाय.

पंपावरच्या माणसाला मी सगळं सांगितलं होतं, त्यानं टाळी वाजवली. "सुटले की तुम्ही, आजी."

भानुदासनं माझ्याकडं पाहिलं. त्याला पण वाटलं असेल, सुटलो. गाठ साक्षीला होती, पावती हातात होती. मालकाला म्हणायचं, पडदा खोटा, बाकीचं फेसात गेलं असेल. मालकानं मानलं असतं. मला बोलायची कला आहे, वाडीत सगळे सांगतील.

उस्मानपुऱ्यात मालकाचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. मालक चांगला माणूस, मूळचा पैठणकडचा बागायतदार. पंखा माझ्याकडं वळवला, पाणी दिलं. मी पावती ठेवली.

"तीन लिटर तुमच्या पडद्यानं खाल्लं," मी म्हटलं. "ते निसारच्या वेळी पण त्यानंच खाल्लं."

मालक पावतीकडं बघत राहिला. "आणि उरलेलं दोन?"

मी तोंड उघडायच्या आत भानुदास बोलला. "ते मी नेलं. मेंढ्यांच्या विहिरीला." आणि चावी टेबलावर ठेवली, कुणी मागितली नव्हती तरी.

मालकानं चावी स्वतःकडं ओढली. मग म्हणाला, "मागितलं असतं तर दिलं असतं, भानुदास." खरंच दिलं असतं की नाय, ते त्याला तरी काय माहीत. चावी त्यानं परत दिली नाय. मी विचारलं, "निसारचं काय?" त्यानं मोबाईल उचलला, नाव शोधलं आणि आमच्यासमोर न लावता खिशात ठेवला. आम्ही जिना उतरलो. पुढच्या आठवड्यात तो ट्रक निसारच्या हातात दिसला, म्हणजे नंतर लावला असणार.

या गोष्टीला आता चार महिने झाले. ट्रक घेणाऱ्यांना, चालवणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, की पडद्याला घालवू नका, तो वाट दाखवायला बरा आहे. पण त्याच्या भरवशावर कुणाला घरी बसवू नका. टाकी गळ्यापर्यंत भरा, त्याच रस्त्यानं जा, त्याच जागी भरा. दोन-तीन खेपा करा, एकीवर जाऊ नका. आणि मध्ये कुणी झाकण उघडत असेल तर आधी घरात विचारा.

मेंढ्या बारा विकल्या. उरलेल्या आठ सकाळी खालच्या वस्तीच्या हौदावर नेते. त्यांना चाल होते, मला पण होते. भानुदास महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाय. आता पाण्याच्या टँकरवर लागलाय, त्या दहा मजली इमारतींना पाणी टाकतो. नव्या मालकानं पहिल्या दिवशी विचारलं, आधीचं काम का सुटलं? यानं सगळं सांगितलं म्हणे, विहिरीसकट. ठेवलं त्यानं तरी.

त्या टँकरमध्ये बसून एकदा वाळूज बघायची मला लई हौस आहे. भानुदासला तसं सांगितलं. तो म्हणाला, "माय, तू एस्टीनं जा."