दुःखनिवारण मंडळात अण्णांचा सत्कार

"ताई, किल्ले आणि थालीपिठं पुरे झाली, आता कुठेतरी जाऊन सुखी माणसं शोधा आणि त्यांच्यावर लिहा," अशी फर्माईश तुम्ही ब्लॉगच्या वाचकांनी तीन महिने लावून धरलीत. सुखी माणसं बघायला लोक भूतानला जातात. भूतानचा खर्च बघितला आणि मी बेंगळुरूचं तिकीट काढलं. तिथे माझ्या दिवंगत मावशीचे यजमान राहतात. त्यांना सगळं जग अण्णा म्हणतं. राहायचा खर्च शून्य. सुखाच्या शोधाची ही सुरुवात मला तरी पटण्यासारखी वाटली.

पुण्याहून रात्रीची स्लीपर बस, चौदाशे रुपये. पांघरूण घरून न्या, बसवाले देतात त्याचा वास घेऊ नका. बेंगळुरूत शिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस साताऱ्याला जाऊन परत येईल. रिक्षावाल्याने चारशे मागितले, मी दीडशे म्हटलं, तो "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" म्हणाला आणि मी अडीचशेला अ‍ॅडजस्ट झाले. इथे 'थोडं सांभाळून घ्या' हे वाक्य सतत ऐकू येतं आणि दर वेळी अ‍ॅडजस्ट आपणच करायचं असतं.

अण्णांचं घराणं तिथे तीन-चारशे वर्षांपासून आहे. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कानडी असं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. अण्णा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, दोन खोल्यांत एकटेच राहतात. मावशी जाऊन चार वर्षं झाली. दार उघडताच म्हणाले, "आलीस? सरी. कॉफी स्वल्प कडू झालीय, चालेल ना?" सरी म्हणजे बरं, ठीक. साखर कुठे ठेवलीय ते त्यांना चार वर्षांत नीटसं सापडलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी एचएसआर लेआउटला आनंदाच्या कार्यशाळेला गेले. फी नऊशे रुपये, चटई आपली. केसांचा अंबाडा घातलेला एक तरुण म्हणाला, तुमच्या आनंदाला दहापैकी गुण द्या. मी सहा दिले. शेजारच्या मुलीने साडेनऊ दिले आणि ढसाढसा रडायला लागली. मग आम्हाला एकेक मनुका अर्धा तास चघळायला दिला. माझा सुरुवातीलाच गिळला गेला. दुसरा मागितला तर मिळाला नाही. नऊशे रुपयांत एक मनुका, बाई! तुम्ही जाऊ नका.

घरी येऊन अण्णांना सांगितलं तर ते तुच्छतेने म्हणाले, "अय्यो, आमचं मंडळ फुकट आहे. रविवारी चल."

मंडळाचं नाव दुःखनिवारण विचार मंडळ. एका शिकवणीच्या वर्गाच्या डोक्यावरची खोली, नऊ खुर्च्या, म्हणून सदस्य नऊ. दर रविवारी अकरा ते सव्वाबारा प्रत्येकाने आपलं दुःख मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यावर विचार करायचा. प्रतीक्षा यादीत चौदा जण ताटकळलेत, म्हणून संस्थापकांनी एक नियम करून ठेवलाय: ज्याचं दुःख निवारण झालं, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा आणि त्याची खुर्ची पुढच्या दुःखी माणसाला द्यावी. सत्कार झालेल्याला पुन्हा वर येता येत नाही.

"म्हणजे सुखी झालात की हकालपट्टी?" मी विचारलं.

"सत्कार," अण्णांनी आवाज खाली आणला. "आजवर दोघांचा झाला. एक म्हैसूरला मुलाकडे गेला म्हणतात. दुसऱ्याचं कुणी बोलत नाही."

मला हसू फुटलं, पण अण्णा हसले नाहीत. आठवडाभर ते रविवारची वाट बघत असतात, हे मला त्या घरात दोन दिवसांत कळलं. कॅलेंडरवर बाकीचे वार कोरे होते आणि प्रत्येक रविवारी 'मंडळ' लिहिलेलं होतं.

शनिवारी पहाटे आम्ही होसकोट्याला बिर्याणी खायला गेलो. होय, पहाटे. शनिवार-रविवारी तिथे पाचच्या आधीपासून रांगा लागतात आणि साताला पातेलं खडखडीत. मेट्रो इतक्या लवकर नसते, टॅक्सीला जाताना आठशे पडले. मटण बिर्याणी चारशेच्या आसपास. स्वेटर घाला. उभं राहूनच खायचं, त्यामुळे साडी नेसून जाऊ नका, मी नेसले होते.

रांगेत अण्णांनी मला मावशीचा किस्सा सांगितला. मावशी पुण्याहून लग्न होऊन आलेली पक्की शाकाहारी. पण दर महिन्याला ती अण्णांबरोबर इथे यायची, आपला दहीभाताचा डबा घेऊन. पातेल्याचं झाकण निघालं की लांबूनच वास घेऊन बिर्याणीवाल्याला सांगायची, "मीठ कमी आहे." आयुष्यात तिने मटण चाखलं नाही, पण मीठ दर वेळी कमीच निघायचं. शेवटी तो बिचारा झाकण काढायच्या आधी रांगेत ती आहे का ते बघायला लागला.

आमचे द्रोण हातात आले. अण्णांनी आपला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि अगदी मावशीच्या अनुनासिक आवाजात म्हणाले, "मीठ कमी आहे." आणि जे हसत सुटले! खांदे गदागदा हलतायत, डोळ्यांतून पाणी, द्रोणातलं लिंबू खाली पडलं. मी फोटो काढला. मग बिर्याणी चाखली. मीठ खरंच कमी होतं.

आता माझा गाढवपणा ऐका. तो फोटो मी तिथल्या तिथे ब्लॉगच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, 'सापडला! बेंगळुरूतला सर्वात सुखी माणूस.' दुपारपर्यंत दोनशे बदाम आले. मी खूश.

संध्याकाळी दार वाजलं. दारात साठीच्या एक बाई, कॉटनची साडी, काखेत कापडी पिशवी. या मंडळाच्या सचिव पद्माक्का. त्यांची सून एचएसआरला असते आणि दुर्दैवाने माझा ब्लॉग वाचते.

"अण्णा," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "शाल तपकिरी पाहिजे की निळी?"

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. "पद्माक्का, ते स्वल्प हसू आलं एवढंच."

"फोटोत बत्तीस दात दिसतायत. मी मोजले."

"माझे अठ्ठावीसच आहेत हो!"

"ते उद्या सभेत सांगा. तुमच्या बाजूने एक साक्षीदार आणता येतो." आणि जाताना माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "लिहिणाऱ्या तुम्हीच ना? छान लिहिता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो काढून टाकला, पण आता काय उपयोग? अण्णा कॉटवर जाऊन बसले. मग म्हणाले, "वैशू, रविवार गेला तर मी कुणाशी बोलू गं?" मी म्हटलं, अण्णा, उद्या मी तुम्हाला असं दुःखी करून दाखवते की तुम्हाला दोन खुर्च्या देतील. रात्रभर आम्ही दुःखांची यादी करत बसलो. पंधरापैकी अकरा दुःखं नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाबद्दल निघाली.

रविवारी अकराला आम्ही वर गेलो. मला खिडकीत बसायला जागा मिळाली. पहिले बोलले मारुतीअण्णा. त्यांचं दुःख गुडघा. अकरा वर्षांपूर्वी दाखल झाला तो डावा होता. तो बरा झाल्यापासून ते उजव्यावर टिकून आहेत. मग निपाणीचा विनायक उठला, संगणकवाला, सर्वांत तरुण. त्याचं दुःख असं की त्याला काहीच दुःख नाही. हे दुःखात बसतं का, यावर तीन रविवार चर्चा चालू आहे आणि तोवर तो हंगामी सदस्य आहे.

"ज्याला दुःख नाही त्याला स्वतःची ओळखच होत नाही," मारुतीअण्णा म्हणाले.

"पण मला ओळख झालीय हो मारुतीअण्णा, आणि त्यातसुद्धा काही विशेष निघालं नाही," विनायक काकुळतीला आला.

"हे मात्र दुःख आहे," पद्माक्का म्हणाल्या आणि त्यांनी ते टिपून घेतलं. विनायकचा चेहरा इतका उजळला की त्याने घाईघाईने हातांनी झाकून घेतला.

मग अण्णांची पाळी. मी उभी राहिले आणि दणक्यात सुरुवात केली. अण्णांना झोप लागत नाही. मारुतीअण्णा म्हणाले, त्यांचं घोरणं आमच्या गल्लीत ऐकू येतं. अण्णांना अन्न जात नाही. पद्माक्कांनी सुनेच्या फोनवरून मागवलेला फोटो वर धरला. मग मी पाणी सोडणाऱ्याचं काढलं, तर बाकीचे आठच्या आठ जण म्हणाले, हे सामायिक दुःख आहे, धरता येत नाही.

माझी यादी संपली. पद्माक्का म्हणाल्या, "एवढंच सांगा, ते का हसले?"

खोटं काही सुचेना, म्हणून खरं सांगितलं. दहीभाताचा डबा, पातेल्याचं झाकण, मीठ, मावशीचा आवाज, सगळं. मारुतीअण्णा दोन्ही गुडघे चोळत होते. पद्माक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुसतच राहिल्या.

"नियम सात," त्या अखेर म्हणाल्या. "गेलेल्या माणसाच्या आठवणीने आलेलं हसू दुःखात धरावं. अण्णा, तुमची खुर्ची राहिली."

टाळ्याच पडल्या. विनायकने तर शिट्टी मारली आणि सगळ्यांची माफी मागितली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. आणि अण्णा उठले.

"नाही धरायचं," ते म्हणाले.

"अण्णा, खाली बसा," मी त्यांचा सदरा ओढला.

"सोड गं. पद्माक्का, चार वर्षं मी इथे बसून तिच्यासाठी रडलो. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत, उपकार झाले. पण काल ती रडवायला नव्हती आली. काल तिने मला हसवलं. ते हसू तिचं आहे. ते तुम्ही दुःखाच्या वहीत लिहायचं नाही."

"मग शाल घ्यावी लागेल," पद्माक्का अगदी हळू म्हणाल्या.

"घाला."

असा सत्कार मी जन्मात पाहिला नाही. शाल निळी होती. पद्माक्कांनी ती घातली, तर तीनदा घसरली. नारळ द्यायची वेळ आली तर मारुतीअण्णा तो सोडेनात. सगळे रडत होते आणि अण्णा एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत "सरी, सरी" म्हणत होते. मग जिना उतरून गेले, एकटे, कठडा न धरता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःचा इतका राग आला की काय सांगू.

घरी त्यांनी नारळ फोडला, मला खोबरं दिलं आणि कॅलेंडरकडे पाठ करून बसले. "बरं केलं ना मी?" त्यांनी दोनदा विचारलं. बरं केलंत, मी दोनदा म्हटलं. सोमवारी रात्री बसमध्ये बसेपर्यंत आम्ही रविवारबद्दल एक अक्षर बोललो नाही.

पुण्यात आल्यावर आठवडा कसाबसा काढला. रविवारी सकाळपासून मी फोनशेजारी बसून होते. अकराला लावला, उचलला नाही. सव्वाअकराला, नाही. जिवाचं पाणी पाणी झालं. साडेअकराला त्यांचाच आला. मागे पेल्यांचा खणखणाट आणि ही गर्दी!

"अण्णा, कुठे आहात?"

"खाली. जिन्याशेजारी कॉफीचं हॉटेल नाही का, तिथे. वर जायचं नाही असा नियम आहे, खाली बसायचं नाही असा कुठे आहे? मी शाल घेऊन बसलो होतो स्वल्प. आता सभा सुटली, सगळे इथेच आलेत."

"सुटली? सव्वाबाराला सुटते ना?"

"आज वीस मिनिटांत सुटली. मारुतीअण्णा म्हणाला, गुडघा फार दुखतोय, बोलवत नाही. आणि जिना उतरून पहिला तोच आला. ठेवतो गं, पद्माक्का माझी कॉफी पितेय."

मी फोन ठेवला. कुणीतरी आपल्यासाठी धडाधडा जिना उतरून यावं, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं, आणि माझा जिना शांत होता. मग मी उठून चहा टाकला आणि वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंना हाक मारली. त्या म्हणाल्या, आलेच.

तर, जायचं असेल तर असं करा. पेटेत कुणालाही मंडळाचा पत्ता विचारा, सांगतील. वरच्या खुर्चीसाठी आता तेरा जण रांगेत आहेत. तुम्ही वर जाऊच नका. रविवारी साधारण अकरा वीसला खालच्या हॉटेलात पोचा, निळी शाल शोधा आणि शेजारी बसा. कॉफी वीस रुपये, दोघांची सांगा.