पंधरा दिवसांची बेगमी

मशीन सुरू झालं की तिसऱ्या मिनिटाला भाजे गावच्या मावशी घोरायला लागायच्या. छातीला एक पट्टा, कमरेला एक पट्टा, मशीन कमरेचा पट्टा हळूहळू ओढतंय, सोडतंय, आणि या गाढ झोपलेल्या. शेजारी मानेला वजनाचा ताण लावून बसलेले तुंगार्लीचे एक निवृत्त साहेब वैतागायचे. "मॅडम, मला बंगल्यात गोळी घेऊन झोप येत नाही, आणि यांना इथे बांधलं की येते." मावशींना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी आडवं झालं की समदी इचारत्यात, काय झालं, काय झालं. हितं बांधून ठेवल्यावर कोन उटवनार?"

लोणावळ्यात माझं फिजिओथेरपीचं काम गेली वीस वर्षं चाललंय. दोन खोल्या, कमरेला ताण देणारं एक मशीन, आणि दिवसभर तीच वाक्यं. वाकू नका. ओझं उचलू नका. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन हंडा उचलतात. मावशी तशा नव्हत्या, निदान मला तसं वाटलं. मणक्यातली गादी सरकून त्यांच्या डाव्या पायाची शीर दाबली जात होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सध्या ऑपरेशन नको, पण जपा. पायातली ताकद गेली तर मात्र लगेच या. मावशींना ऑपरेशनची भीती नव्हती. त्यात भाताची लावणी जाईल याची होती. मुलगा कारखान्यात, सुनेच्या कडेवर लहान बाळ, खाचरात उतरणाऱ्या त्या एकट्याच.

पहिल्या दिवशी मी त्यांना प्लास्टिकचा मणका दाखवला. "मशीन ओढतं, मग इथे थोडी जागा होते, शीर मोकळी होते." हे मी सगळ्यांनाच सांगायचे. त्यांनी त्या जागेत बोट घालून पाहिलं. "रोज थोडी थोडी व्हती का?" मी घड्याळाकडे बघत म्हटलं, "हो, हळूहळू."

मग त्यांनी एकही दिवस बुडवला नाही. शनिवारी लेण्यांच्या रस्त्यावर गाड्या अडकलेल्या असायच्या, त्या त्यांच्यामधून चालत मळवली स्टेशन गाठायच्या. साहेबांना मी त्यांचं उदाहरण द्यायचे. मावशींचा पाय दुखायचा थांबला होता. पंधराव्या दिवशी त्यांनी स्वतःच पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "झाले पंधरा. पुरं आता."

"अजून थोडे दिवस या. आणि यंदा लावणी नाही, लक्षात आहे ना?"

"व्हय, लक्षात हाय," म्हणून त्या गेल्या. काय लक्षात आहे, ते मी विचारलं नाही.

भाजे गावात लावणी सावडीने होते. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. जी दुसरीकडे जात नाही, तिच्याकडे कोणी येत नाही. मावशींना दुसऱ्यांच्या खाचरात सावडीचे पंधरा दिवस भरायचे होते. मावळात पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवतात, तांदूळ, मीठ, गुरांची वैरण भरून ठेवतात. मावशींनी पाठीची बेगमी केली होती. एका दिवसाच्या ओढीत एका दिवसाचं वाकणं, असा त्यांचा साधा हिशोब. तो माझ्याच बोलण्यातून निघाला होता.

ते पंधरा दिवस त्यांनी भरले, आणि लावणीच्या सोळाव्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या खाचराची पाळी होती. "समद्या माज्या चिखलात आन् मी बांधावर बसून बघू?" त्या उतरल्या. दुपारी डावं पाऊल उचलेना. मुलाने फोन केला. मी म्हटलं, माझ्याकडे आणू नका, थेट पुण्याला न्या. ऑपरेशन झालं. वेदना गेल्या. पाऊल पूर्ण परत आलं नाही.

दिवाळीनंतर त्या आल्या, हातात काठी, बुटात पाऊल धरून ठेवणारी पट्टी, आणि मुलाच्या खांद्यावर नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी. खाटेकडे बघून म्हणाल्या, "मशीन लावू नका. नुसती पडते वीस मिनटं." मी घड्याळ लावलं. या वेळी त्यांना झोप आली नाही.

मी खुर्ची ओढून नीट सांगितलं. ती जागा टिकत नाही, मावशी. शिरेला तेवढ्यापुरता आराम मिळतो, बरं वाटतं, पण साठत काही नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं. "तुमचं मशीन खोटं न्हाई, बाई. पंधरा दिवस बराबर पुरलं. सोळावा माजा व्हता."

मी पुन्हा समजावलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. घड्याळ वाजलं, मुलाने बूट चढवला, आणि त्या गेल्या. परत आल्या नाहीत. पुढच्या वर्षी वारल्या, असं मुलानेच सांगितलं, तापाने.

मणक्याचं मॉडेल आता कपाटात आहे. नवीन माणूस आलं की पट्टा बांधायच्या आधी मी सांगते, हे साठत नाही. मग त्याच्याकडूनच ते वदवून घेते. लोक कंटाळतात. मीही कंटाळते. तरी वदवून घेते.