एकसष्टाव्या मिनिटाचा धूर

मला गर्दीची लई भीती वाटती. लहानपनी आम्ही गावच्या यात्रेत कुस्त्या बघायला गेल्तो, तिथं एकदम पळापळ झाली आन् मी आईचा हात सुटून लोकांच्या पायात पडले. एका बाईनं दंडाला धरून वर वढलं. तवापासून पन्नास मानसं एका जागी दिसली की माझा श्वास वरच्या वर राहतो. शाळा माझी सातवीपर्यंतच, त्यामुळं जसं आठवतंय तसं एका दमात लिहिते.

आमचे मालक नगरला एमआयडीसीत फिटर. त्यांच्या कंपनीनं एक मशीन तुर्कस्तानात विकली. तिकडं बोराएवढा गोल गोल बदाम पिकतो, तो निवडायची मशीन. ती बसवायला ह्यांना सा महिन्यांसाठी पाठवलं. पोरगी आठ महिन्यांची हुती. राहुरीत आमची भाड्याची खोली, तिथं मी, सासूबाई आन् पोरगी असं तिघी राहिलो.

तिकडं हे एका म्हाताऱ्या आजीच्या घरात वरच्या खोलीत राहायचे. समुद्राकाठचं गाव. आजी एकटीच, नवरा वारलेला, आन् तिला फुटबॉलचं येड. त्यांच्या गावची टीम, तिचे रंग दोन, डाळिंबी आन् आभाळी. आजीच्या कपाला, गोधडीला, उंबऱ्यावरच्या पायपुसन्याला सुदिक तेच रंग. फोनवर हे दाखवायचे आन् हसायचे. सासूबाई म्हनल्या, "पाय पुसायला आपल्याच देवाचा रंग घेत्यात व्हय?"

गेल्यावर दुसऱ्याच आठवड्याला आजी ह्यांना म्याचला घिऊन गेली. आन् मग दर म्याचला. सुट्टीच्या दिवशी एकटा मानूस खोलीत काय करनार, मला बी बरं वाटलं. रोज जेवताना मला तिकडचं सांगायचे. पयले त्या गावात छोट्या छोट्या टीमा हुत्या, एकमेकीचं तोंड बघत नव्हत्या. कप दर वरसाला मोठ्या शहरातच जायचा. मग गावातल्या लोकांनी भांडनं मिटवून एकच टीम केली, आन् मोठ्या शहराच्या भायेर कप पयल्यांदा त्यांच्याच गावात आला. त्याच्यानंतर लई जिंकले, मग कितीतरी वरसं काहीच न्हाई, पोरं म्हातारी झाली. मधी परत जिंकले तवा आजी रस्त्यात नाचली, म्हनं.

"नगर आन् पुन्यासारखं हाय बघ," हे म्हनले. "मान सगळा पुन्याला."

त्या दिवशी म्याच आपल्याकडच्या चारला हुती. ह्यांनी आतून व्हिडिओ कॉल लावला, पोरीला दाखव म्हनले. एवढी मानसं मी जन्मात बघितली न्हाईत. तरी बघत बसले. मधी सुट्टी झाली, परत चालू झालं, आन् एकाएकी सगळीकडून लाल जाळ निघाला, धूर झाला, सगळी मानसं उठून वरडाय लागली. गोल तर झाला न्हाई. चेंडू तिकडं कोपऱ्यात हुता. धुरात ह्यांचं तोंड दिसंना आन् फोन कट झाला.

मी धा वेळा लावला. लागंना. सासूबाई म्हनत हुत्या, "अगं थांब जरा, दम खा," पन मी कंपनीच्या सायबाला फोन लावला आन् म्हनले, आग लागली तिथं, मानसं चेंगरत्यात, आमच्या मालकाला बघा. सायबांनी तिकडच्या म्यानेजरला फोन केला. म्यानेजर त्याच म्याचला चार रांगा मागं बसलेला. तो उठून ह्यांच्याकडं आला आन् म्हनला, घरी बायको रडती, भायेर जाऊन फोन कर.

ह्यांनी भायेर येऊन फोन केला. मग शांतपनी त्यांनी सांगितलं. त्यांच्या गाडीच्या नंबरवर गावाचा आकडा एकसष्ट, जसा आपल्या राहुरीकडं सतरा. म्हनून एकसष्टावं मिनिट लागलं की गोल असो नसो, सगळे उठत्यात, मशाली पेटवत्यात, गावासाठी वरडत्यात. दर म्याचला.

सासूबाई म्हनल्या, "मंग आपुन सतराव्या मिनिटालाच घसा फोडून मोकळं व्हायचं."

पन खरं तर पुढंच झालं. तिकडं असा नेम हाय, जिथं बसून टीम जिंकली ती जागा सोडायची न्हाई, तेच कपडे घालायचे. आजीच्या डाव्या अंगाला हे बसल्यापासून टीम हारली नव्हती. आजी ह्यांना लघवीला सुदिक उठू द्यायची न्हाई. आन् हे माझ्या फोनपायी उठले, आन् तेवढ्यात समोरच्यांनी गोल मारला. हारले.

दुसऱ्या दिवशी हे म्हनले, "जाऊ दे. मी आता न्हाई जात म्याचला. तुला तरास नको."

रागानं न्हाई बोलले, लई बारीक आवाजात बोलले. माझ्या भीतीपायी ह्यांची सुट्टीतली एकच मजा जानार, एवढंच डोक्यात बसलं.

संध्याकाळी परत फोन. "आजीला तुझ्याशी बोलायचंय." आजी बोलायची, मोबाईल त्याचं मराठी करून सांगायचा, आन् अडलं की हे सांगायचे.

"किती येळ रडलीस?" आजीनं इचारलं.

"तासभर."

"मी तीस वरसं रडले," आजी म्हनली. तिचा नवरा म्याचला जायचा आन् ती खिडकीत बसायची. मग एका वरसी गडीमानसांनी लई दंगा केला, तर शिक्षा म्हनून गड्यांना बंदी आन् फक्त बायका-पोरांना आत सोडलं. तवा ती पयल्यांदा गेली. सगळ्या बायका, कडेवर लेकरं. "आत धुरानं डोळे चुरचुरत्यात, तेवढंच. घरी बसल्यावर जास्त पेटतंय."

मी पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"तुझ्यापायी हारलो," आजी म्हनली. "आता तू बी एक जागा धर. म्याच संपंपर्यंत उठायचं न्हाई, फोन करायचा न्हाई. तुझा नवरा माझ्याजवळ हाय."

मी व्हय म्हनले. हे दचकलेच असतील.

पुढची म्याच. शेजारच्या पोरीनं मोबाईलवर म्याच लावून दिली. मी भिताडाला टेकून बसले, पोरगी मांडीवर. एकसष्टाला धूर आला. जाळ दिसला. फोन हातातच, एक बटन दाबायचा अवकाश. सासूबाई भाकरी थापायची थांबून माझ्याकडं बघत हुत्या. धूर हळूहळू वर गेला आन् खाली परत मानसं दिसाय लागली. मी न्हाई लावला.

म्याच बरोबरीत सुटली. शिट्टी वाजली तसा ह्यांचाच फोन आला. मागं आजी काहीतरी वरडत हुती.

"आजी इचारती, उठली तर न्हाईस ना?"

"न्हाई."

"खरं?"

"पोरगी मांडीवर मुतली," मी म्हनले, "तरी न्हाई."