उतारावरचा हात

बाबांच्या रिक्षाची मुदत संपत आली, तेव्हा नवी कुठली घ्यायची हा विषय आमच्या वर्तकनगरच्या घरात रोज जेवताना निघायचा. पुन्हा सीएनजीची, की बॅटरीवरची?

"पुढची सगळी वर्षं तिच्यावरच काढायचीत. चुकून चालणार नाही," बाबा म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. "तू कॉलेजात इंजिन-मोटरांचंच शिकतेस ना? मग सांग की."

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात ऐकलेलं घरी सांगताना माझा आवाज बारीक होतो. तरी सांगितलं, की पेट्रोल काय, गॅस काय, इंजिनात जाळलं की बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. मोटरचं तसं होत नाही.

"म्हणजे देशाचं इंधन वाचेल?"

"हो... म्हणजे, पूर्ण नाही. वीज अजून बरीचशी कोळशाचीच. तिथे वीज बनतानाच अर्ध्याहून जास्त उष्णता वाया जाते."

आई हसली. "म्हणजे इकडे नाही तर तिकडे!"

मलाही हसू आलं. पण उत्तर अर्धंच राहिलं होतं.

त्या रविवारी आम्ही डोंबिवलीला गेलो. पूर्वी खोपटच्या स्टँडवर बाबांच्या मागेपुढे रिक्षा लावणाऱ्या काकांनी बॅटरीची घेतली होती. बाबा चालवायला बसले, काका आणि मी मागे. पूल चढून उतार लागला आणि बाबांनी सवयीने गाडी न्यूट्रलवर टाकली. उतार फुकट मिळतो, तिथे गॅस कशाला जाळायचा, हा त्यांचा जुना हिशेब.

"अरे, घसरगुंडी आहे काय ही?" काका ओरडले.

मी पुढे वाकले. "बाबा, न्यूट्रल नको. नुसती ॲक्सिलरेटरची मूठ सोडा. उतारावर चाकंच मोटर फिरवतात, थोडी वीज बॅटरीत परत जाते."

"परत?"

वळसा घालून पुन्हा पूल चढलो. या वेळी बाबांनी नुसती मूठ सोडली. समोरच्या बॅटरीच्या पट्टीवर हिरवी रेघ उलटी, भरण्याच्या बाजूला सरकली. बाबांनी पुन्हा वळसा घातला. तिसऱ्यांदा पूल चढायला लागले तेव्हा काका म्हणाले, "भाडं लावू का आता?"

परत येताना माझं राहिलेलं उत्तर मला सापडलं. "बाबा, गॅसची रिक्षा गॅसच जाळणार, शेवटपर्यंत. बॅटरीवालीला वीज कुठली ते कळत नाही. उन्हाची, वाऱ्याची वीज वाढत गेली, की तीच रिक्षा काही न बदलता देशाचं आणखी इंधन वाचवेल."

"म्हणजे जुनी होता होता सुधारेल?"

"वीज सुधारली तर."

"झालं, परत 'तर'!"

"सुधारेल," मी म्हटलं. आवाज बारीक झाला नाही.

नवी रिक्षा आता खोपटच्या स्टँडवर उभी असते. बॅटरीची. उतार लागला की बाबांचा हात अजून न्यूट्रलकडे जातो, आणि अर्ध्यातूनच मागे येतो.